पाच डॉलरची खेप

अहमदाबादकडून येणारा महामार्ग वर्सोवा पुलावरून वसईची खाडी ओलांडतो आणि मिरा-भाईंदरच्या हद्दीत उतरल्याबरोबर त्याची फाटाफूट होते. मुंबईच्या गाड्या सरळ काशीमिऱ्याकडे निघून जातात. न्हावा-शेवा गाठायचं असलेले ट्रेलर फाउंटन हॉटेलच्या चौकात डावीकडे वळून घोडबंदर रस्त्याला लागतात. पुढे गायमुखचा चढ, ठाणे, मुंब्रा बायपास, कळंबोली आणि मग उरणचा रस्ता. ट्रेलरवर काय लादलंय ते बघणाऱ्याला कळत नाही, आणि पुष्कळदा चालवणाऱ्यालाही कळत नाही. आत वापीची रसायनं असोत, सुरतचं कापड असो की सिल्वासाचा धागा; बाहेरून दिसते ती पन्हाळी पत्र्याची लांबलचक पेटी, तिच्यावरचा नंबर आणि दाराला ठोकलेलं सील.

रस्ता तुंबलेला असेल (आणि तो असतोच) तर शेजारच्या कंटेनरचे कोपरे निरखून बघावेत. आठही कोपऱ्यांवर पोलादाचे ओतीव ठोकळे असतात आणि त्यांना लांबट गोल भोकं असतात. ट्रेलर पेटीला धरतो तो या भोकांतून, क्रेन उचलते ती यांतूनच, आणि जहाजावर एकावर एक रचलेल्या पेट्या एकमेकींना जखडल्या जातात त्याही यांतूनच. ठोकळ्याचं माप जगभर एकच. म्हणून सिल्वासात भरलेली पेटी रॉटरडॅमच्या क्रेनला अनोळखी नसते.

या व्यवस्थेमागे जो माणूस आहे तो दर्यावर्दी नव्हता, इंजिनिअर नव्हता आणि कॉलेजातही गेलेला नव्हता. तो शेतकऱ्याचा मुलगा होता. भावा-बहिणीला हाताशी धरून त्याने ट्रकचा धंदा उभा केला होता, आणि अखेरपर्यंत त्याचं डोकं गाडीमालकाचंच राहिलं. माल्कम मॅक्लीन हे त्याचं नाव. त्याला ‘कंटेनरचा जनक’ म्हणायची पद्धत आहे. ते विशेषण मला थोडं दिशाभूल करणारं वाटतं. का, ते पुढे येईलच.

जन्म १९१३ सालचा, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात मॅक्स्टन गावाजवळ. मुलूख दलदलीचा, पिकं कापूस-मक्याची. सात भावंडं. नुसत्या शेतीवर भागत नसल्याने वडील टपाल वाटायचंही काम करत. आईने मुलाला लहानपणीच धंद्याला लावलं: घरची अंडी द्यायची, त्याने ती रस्त्याकडेला बसून विकायची आणि विक्रीवर कमिशन घ्यायचं. फुकट खाऊचे पैसे नाहीत, कमिशन! या बाईंबद्दल चरित्रकारांनी आणखी लिहायला हवं होतं.

१९३१ साली शाळा संपली तेव्हा महामंदी ऐन भरात होती. पुढे शिकवायला घरात पैसा नव्हता. माल्कमने काही दिवस किराणा दुकानात फळ्या लावल्या, मग रेड स्प्रिंग्ज नावाच्या गावात पेट्रोल पंप सांभाळायला घेतला. पंपाला लागणारं तेल फेएटव्हिलहून यायचं. अंतर २८ मैल, म्हणजे साधारण काशीमिऱ्याहून पनवेलच्या अलीकडे पोचावं इतकं. ते आणणाऱ्या गाडीवाल्याला एका खेपेचे ५ डॉलर मिळतात हे माल्कमला कळलं. दिवसभर गिऱ्हाइकांच्या गाड्या पुसून जे सुटत नव्हतं ते समोरचा माणूस काही तासांत कमावत होता. पंपाच्या मालकाकडे एक जुनी गाडी गंजत पडलेली होती. ती त्याने मागून घेतली आणि तेलाची खेप स्वतः करायला लागला. मार्च १९३४ मध्ये त्या पंपावरच ‘मॅक्लीन ट्रकिंग’ सुरू झाली. लवकरच हप्त्यावर एक जुना डंपर आला आणि सरकारी रस्तेकामावर माती ओढायला लागला. भाऊ जिम आणि बहीण क्लारा धंद्यात उतरली. हिशेबाच्या वह्या क्लाराकडे.

कुटुंबाचा ट्रक-धंदा जगात कुठेही बघा, ठेवण अशीच दिसते. एक भाऊ गाडीवर, दुसरा माल मिळवायला बाजारात, आणि बिलं, हप्ते, डिझेलच्या पावत्या घरातल्या कुणाकडे तरी. पहिल्या चार-पाच वर्षांत एखादा मोठा अपघात झाला किंवा एखाद्या व्यापाऱ्याने पैसे बुडवले तर सगळंच बसतं. मॅक्लीनही बसायच्या बेतात आला होता. वाईट काळात त्याने पुन्हा स्वतः स्टिअरिंग धरलं. न्यू यॉर्कच्या एका खेपेत पुलाचा टोल भरायलाही खिशात पैसे नव्हते, तेव्हा नाक्यावर पाना गहाण ठेवला आणि माल विकून परतताना सोडवून घेतला.

पण तगल्यावर तो झपाट्याने वाढला. १९४० साली त्याच्याकडे ३० ट्रक होते. १९४६ साली १६२. दक्षिणेचं कापड आणि सिगारेटी उत्तरेच्या शहरांत पोचवणं हा मुख्य धंदा. हे वाढणं समजायचं तर त्या काळचा कायदा समजून घ्यावा लागतो. १९३५ पासून अमेरिकेत ट्रकवाल्याने कुठल्या रस्त्याने जायचं, कुठला माल न्यायचा आणि काय भाडं घ्यायचं, सगळ्याला केंद्रीय आयोगाची परवानगी लागे. आमचं भाडं स्वस्त आहे एवढं म्हणून चालत नसे. आपला खर्चच खरोखर कमी आहे हे कागदावर सिद्ध करावं लागे, नाहीतर रेल्वे आणि बाकीचे ट्रकवाले हरकत घ्यायला टपलेले असत. बहुतेकांनी या व्यवस्थेशी जुळवून घेतलं. बांधून दिलेल्या भाड्यात कुणाचंच वाईट होत नव्हतं. मॅक्लीनने उलटा रस्ता धरला. खर्च इतका उतरवायचा की आयोगाला नाही म्हणता येऊ नये.

इथे तो खरा रंगतो. इतरांच्या आधी त्याने गाड्या डिझेलवर नेल्या. वाटेतल्या ठरावीक पंपांशी सवलत ठरवली आणि ड्रायव्हरांना तिथेच तेल भरायला लावलं. वारा कमी अडावा म्हणून विद्यापीठात अभ्यास करवून ट्रेलरचे पत्रे वेगळ्या घडणीचे घेतले. माझ्या मते सगळ्यांत हुशारीची गोष्ट अपघातांबद्दलची: नवा ड्रायव्हर जुन्याच्या हाताखाली द्यायचा, आणि नव्याने पहिलं वर्ष अपघाताशिवाय काढलं तर बक्षीस जुन्याला, तेही महिन्याच्या पगाराएवढं. विम्याचा हप्ता उतरला, गाड्या गॅरेजात कमी गेल्या. यातली एकही गोष्ट शोध म्हणून मिरवण्यासारखी नाही. शेताच्या बांधावर अंड्यांचा हिशेब ठेवणाऱ्या मुलाची ही नजर होती, आणि १९५४ पर्यंत त्या नजरेने स्वतःच्या मालकीच्या ६१७ गाड्या जमवल्या होत्या.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. १९३७ सालच्या नोव्हेंबरात मॅक्लीन कापसाच्या गासड्या घेऊन न्यू जर्सीच्या होबोकेन धक्क्यावर गेला. दिवसभर रांगेत बसून राहिला. हमाल एकेक गासडी गाडीतून काढून झोळीत घालतायत, झोळी वर जाते, जहाजात पुन्हा एकेक गासडी रचली जाते, हे बघून त्याला सुचलं की सबंध गाडीच उचलून जहाजावर का ठेवू नये? गोष्ट गोड आहे आणि म्हणूनच संशयास्पद आहे. त्याने ती सांगायला सुरुवात केली ती कित्येक दशकांनंतर. शिवाय पेटीची कल्पना तेव्हाही नवी नव्हती. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या रेल्वे कंपन्यांनी १९२०च्या दशकातच मालाच्या पेट्या वापरून बघितल्या होत्या. एक अमेरिकन कंपनी तर सबंध वाघिणी जहाजावर चढवून नेत होती. म्हणून ‘जनक’ हा शब्द मला खटकतो.

खरं कारण जास्त रुक्ष आहे. १९५३च्या सुमारास किनाऱ्यालगतचे महामार्ग गाड्यांनी तुंबायला लागले होते आणि उभ्या गाडीचे तासही खर्चात धरावे लागतात. दुसरीकडे महायुद्धातून उरलेली जहाजं सरकार कवडीमोलाने विकत होतं. ही जहाजं घेऊन कुणी दक्षिणोत्तर माल कमी भाड्यात न्यायला लागलं तर ट्रकवाल्यांचा धंदा गेला, ही मॅक्लीनची भीती. तेव्हा आपणच का नेऊ नये? पहिला बेत ट्रेलर चाकांसकट जहाजावर चढवायचा होता. मग हिशेब केला, तर चाकं आणि सांगाडा जहाजातली जागा फुकट खातात. चाकं काढली. उरली ती पेटी, आणि पेटीवर पेटी ठेवता येते.

पण ट्रक कंपनीला जहाज कंपनी चालवायची मुभा आयोग देईना. मॅक्लीनने जे केलं त्याने त्याच्या घरच्यांचीही झोप उडाली असेल. वीस वर्षं वाढवलेल्या मॅक्लीन ट्रकिंगचा त्याने १९५५ साली राजीनामा दिला, शेअर विश्वस्तांच्या ताब्यात दिले आणि पुढे विकून टाकले. त्याच वर्षी ४ कोटी २० लाख डॉलरचं कर्ज काढून वॉटरमन नावाची जहाज कंपनी विकत घेतली. त्यात स्वतःच्या खिशातले १० हजार, बाकी बँकेचे. आणि वॉटरमनच्या तिजोरीतलीच रोकड लगेच कर्ज फेडायला वळवली. जिम आणि क्लारा त्याच्याबरोबर नव्या धंद्यात गेली.

पेट्या बनवायला कीथ टँटलिंगर नावाचा इंजिनिअर गाठला. कोपऱ्यांतले ठोकळे आणि त्यांत फिरून अडकणाऱ्या खिट्ट्या यांचं श्रेय या टँटलिंगरचं. जहाज म्हणून युद्धातले तेलवाहू टँकर घेतले. असे टँकर टेक्सासचं तेल उत्तरेला पोचवून परत रिकामे जात. रिकामी परतणारी गाडी कुठल्याच गाडीमालकाला बघवत नाही, आणि मॅक्लीनला तर मुळीच नाही. टँकरच्या डेकवर लोखंडी चौकट बसवली. २६ एप्रिल १९५६ रोजी न्यूअर्क बंदरात ‘आयडियल-एक्स’ या टँकरवर ५८ पेट्या चढल्या, दर सात मिनिटांना एक. आठ तासांच्या आत जहाज भरलं आणि त्याच दिवशी ह्यूस्टनकडे निघालं. सुटा माल जहाजात भरायला तेव्हा टनामागे ५ डॉलर ८३ सेंट खर्च येई. ‘आयडियल-एक्स’चा खर्च निघाला टनाला १६ सेंटांपेक्षा कमी.

एवढा फरक पडायचं कारण जहाजात नव्हतं. मालाला समुद्रात फारसा खर्च येतच नव्हता. खर्च व्हायचा तो धक्क्यावर. पोती, पेटारे, पिंपं, गासड्या एकेक उचलणं, मोजणं, पुन्हा उचलणं, त्यात फुटणं, भिजणं, चोरीला जाणं, आणि हे चाललेलं असताना जहाज आणि ट्रक दोघांनी ताटकळणं. मॅक्लीन ट्रकवाला असल्यामुळे त्याला ताटकळण्याची किंमत ठाऊक होती. जहाज कंपन्यांच्या साहेबांना जहाजाचा अभिमान होता. याला जहाजाबद्दल काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचा मोठा फायदा झाला.

मुंबईच्या गोदीतही कामाची रीत तीच होती. पाठीवर ओझं, हातात आकडा, शेजारी मोजणी करणारा कारकून आणि माल उतरेपर्यंत कित्येक दिवस धक्क्याला लागलेलं जहाज. या पाठी बऱ्याचशा सातारा, पुणे, नगर, कोकणातल्या. गोदी कामगारांच्या रोजगारासाठी देशात १९४८ साली कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली बाजारपेठांतले माथाडी संघटित झाले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. ओझं वाहणाऱ्या माणसाला हक्क मिळाले ते आणि ओझं वाहण्याची गरजच संपवणारी पेटी जगभर पसरली ते, हे दोन्ही एकाच काळात घडावं याला काय म्हणावं? गोदीतलं काम पेटीने खाल्लं. बाजारातलं खाल्लं नाही, कारण पेटी कुठेतरी भरावी लागते आणि कुठेतरी रिकामी करावी लागते. वाशीच्या बाजारात माथाडी आणि वराईचा (गाडी भरण्या-उतरवण्याच्या पैशांचा) हिशेब आजही आहेत.

पेटीला ओळीने रचायला प्रचंड मोकळी जागा लागते. ती जुन्या शहराच्या पोटातल्या गोदीत नसते. मॅनहॅटन आणि ब्रुकलिनचे धक्के ओस पडले, काम न्यूअर्क-एलिझाबेथच्या दलदलीत गेलं. मुंबईत तेच तीस वर्षांनी झालं. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं आणि बॅलार्ड पिअरकडची कंटेनरची वर्दळ यथावकाश खाडीपलीकडे सरकली. बंदर हललं, पण गुजरातचे कारखाने जागच्या जागीच होते. दोघांना जोडणारा रस्ता म्हणून घोडबंदर रस्ता कुणी आखला नव्हता. नकाशावर तो तिथे होता, एवढंच. ज्या खाडीतून एके काळी कल्याणपर्यंत गलबतं जात, तिच्या काठाने आता चाळीस फुटी पेट्या जातात. २०१३ साली जुन्या वर्सोवा पुलाच्या तुळईला तडा गेल्याचं आढळलं आणि अवजड गाड्या वाडा-भिवंडीकडे वळवाव्या लागल्या, तेव्हा एका पुलावर किती कारखान्यांची निर्यात टेकलेली आहे ते सगळ्यांनाच दिसलं. नवा पूल २०२३ साली खुला झाला.

एक-दोन ट्रेलर असलेल्या गाडीमालकाचा हिशेब मात्र पूल नवा झाला म्हणून बदलत नाही. त्याला भाडं खेपेचं मिळतं, तासाचं नाही. अवजड वाहनांना ठाण्याकडे सोडायची वेळ टळली की गाडी रस्त्याकडेला उभी. बंदराच्या दारावर रांग असली की पुन्हा उभी. मालक बँकेचा हप्ता भरतोच आहे, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता चालूच आहे. मॅक्लीनने धक्क्यावरचं ताटकळणं संपवलं ते खरं, पण आपल्याकडे त्यातलं बरंचसं रस्त्यावर येऊन बसलंय आणि ते सोसतो सगळ्यांत लहान गाडीमालक. जहाज कंपनीच्या ताळेबंदात ते कुठेच उमटत नाही.

मॅक्लीनच्या कंपनीचं नाव १९६० पासून ‘सी-लँड’ झालं. १९६३ साली तिने टँटलिंगरच्या ठोकळ्यांचं पेटंट सगळ्यांना फुकट वापरू दिलं. औदार्य म्हणून नव्हे. प्रत्येक कंपनीची पेटी वेगळी राहिली तर धंदाच वाढणार नाही हे त्याला कळत होतं. गंमत म्हणजे २० आणि ४० फुटांची मापं जगाने मान्य केली तेव्हा सी-लँडच्या स्वतःच्या पेट्या ३५ फुटी होत्या. १९६६ साली जहाजं युरोपला पोचली. १९६७ पासून व्हिएतनाम युद्धासाठी अमेरिकन लष्कराचा माल सी-लँडच्या पेट्यांतून जायला लागला. सरकार जाण्या-येण्याचे पैसे देत होतं, पण परतताना पेट्या रिकाम्या. मॅक्लीनने जहाजं जपानमार्गे वळवली आणि योकोहामाहून जपानी माल अमेरिकेला न्यायला सुरुवात केली. येण्याचा खर्च सरकारने आधीच भागवलेला होता, म्हणजे परतीचं भाडं जवळपास निव्वळ नफ्यात. युद्धाच्या बाजूने असोत वा विरुद्ध, जगातल्या कुठल्याही गाडीमालकाला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

१९६९ साली त्याने सी-लँड एका सिगारेट कंपनीला विकली. पैशाची ददात कायमची मिटली. मग तो पुन्हा शेतीकडे वळला, पण कशी? १९७३ साली नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व किनाऱ्यावर सुमारे पावणेचार लाख एकर जमीन घेतली, बरीचशी दलदलीची. तिथे डुकरं पाळायची, पीट खणून इंधन करायचं असे बेत होते. वडिलांच्या शेतावर जे पाणी हटत नव्हतं ते आता कोट्यधीशाच्या यंत्रांनी हटवायचं होतं. जमेल तेवढं जमलं, पण कंटेनरसारखं यश तिथे मिळालं नाही, आणि तो कंटाळला.

नंतरचा भाग मला त्याच्या उत्कर्षापेक्षा जास्त शिकवणारा वाटतो. सी-लँड विकण्याच्या सुमारास त्याने ३३ नॉटने धावणारी अतिवेगवान जहाजं मागवली होती. ती पाण्यात उतरली तोवर १९७३चं तेल संकट आलं आणि त्यांची तहान परवडेना. यातून त्याने धडा घेतला तो चुकीचा. १९७८ साली ‘युनायटेड स्टेट्स लाइन्स’ ही कंपनी विकत घेतल्यावर त्याने कोरियाहून १२ अजस्र जहाजं बांधून आणली, या वेळी मुद्दाम संथ, तेल वाचवणारी. एकेका जहाजावर २० फुटी हिशेबाने ४ हजारांहून जास्त पेट्या मावत. इतकं मोठं कंटेनर-जहाज तेव्हा कुणाकडेच नव्हतं. जगाला फेरी घालत एकाच दिशेने जायचं, म्हणजे कुठूनच रिकामं परतायला नको, ही योजना. परतीच्या भाड्याचा जुना ध्यास आता पृथ्वीएवढा झाला होता. जहाजं आली आणि तेल उतरलं. स्वस्त तेलाच्या काळात संथ जहाजाला कोण विचारतो? शिवाय पृथ्वी गोल असली तरी व्यापार गोल नसतो. काही टप्प्यांवर पेट्याच भरेनात. नोव्हेंबर १९८६ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं तेव्हा तिच्या डोक्यावर एक अब्ज डॉलरहून जास्त देणं होतं. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि मॅक्लीन बरीच वर्षं लोकांत मिसळेनासा झाला.

त्याच वर्षाच्या जानेवारीत ‘मॅक्लीन ट्रकिंग’नेही मान टाकली होती. ती कधीच दुसऱ्यांच्या हातात गेली होती. १९८० साली सरकारने ट्रक-धंद्यावरची बंधनं उठवली आणि ज्या परवान्यांसाठी मॅक्लीनने आयुष्यातली वीस वर्षं आयोगाशी हुज्जत घातली होती त्यांची किंमत शून्य झाली. कमी खर्चाचे, नवे, लहान गाडीमालक रस्त्यावर आले आणि जुन्या मोठ्या कंपन्या एकेक करत बसल्या.

मॅक्लीन मात्र संपला नव्हता. अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास त्याने ‘ट्रेलर ब्रिज’ नावाची कंपनी उभी केली. फ्लोरिडाच्या जॅक्सनव्हिलहून प्वेर्तो रिकोला टगने ओढायच्या तराफ्यांवर माल न्यायचा, आणि तोही अमेरिकेच्या रस्त्यांवर धावणाऱ्या ५३ फुटी पेट्यांतून. जगाने ठरवलेल्या २० आणि ४० फुटांच्या मापात न बसणाऱ्या. तराफा संथ, पण त्याला इंजिन नाही आणि माणसं थोडी लागतात. २००१ साली सत्त्याऐंशीव्या वर्षी तो वारला तेव्हा ही कंपनी चालू होती, आजही आहे.